प्रदक्षिणा एका नदीची

पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याला कळस दिसतो आणि त्याच्या चालण्याचे सार्थक होते. काशीचा यात्रेकरू गंगेत उतरला की त्याच्या प्रवासाचा हेतू पुरा होतो. नर्मदेच्या परिक्रमावासीयाला असे पोहोचण्याचे ठिकाण नाही. ज्या घाटावर संकल्प सोडून तो निघतो, त्याच घाटावर त्याला कित्येक महिन्यांनी परत यावयाचे असते, आणि मधल्या काळात त्याने एका नदीला तिच्या दोन्ही काठांनी पायी प्रदक्षिणा घातलेली असते. देवळातील मूर्तीभोवती फिरणे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु १,३१२ किलोमीटर लांबीच्या प्रवाहालाच मूर्ती मानण्याची कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली, त्याला भूगोलाने मोठे साहाय्य केले असले पाहिजे, असे नकाशा समोर घेतला म्हणजे वाटू लागते. अमरकंटकच्या पठारावर उगम पावलेली ही नदी विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील खचदरीत शिरते आणि फारसे आढेवेढे न घेता पश्चिमेस जाऊन भडोचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. पूर्वेकडे वाहणाऱ्या आपल्या गोदा-कृष्णेप्रमाणे ती मुखाशी फाटे फोडीत नाही, त्रिभुज प्रदेश निर्माण करीत नाही. म्हणूनच समुद्राच्या तोंडाशी काठ बदलून परत फिरणे शक्य होते.

या यात्रेची नियमावली थोडकी आहे, पण कडक आहे. नदी सदैव उजव्या हाताला राहिली पाहिजे. उपनद्या ओलांडण्यास मुभा आहे, परंतु खुद्द नर्मदेचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही. चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करावयाचा. आणि द्रव्यसंचय न करता, काठावरचे लोक देतील त्यावर निर्वाह करावयाचा. शास्त्रोक्त मुदत ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची सांगतात. हल्ली पुष्कळसे लोक कार्तिकी एकादशीनंतर निघून पावसाळ्यापूर्वी परततात. या नियमांचा काच किती सूक्ष्म आहे, ते ओंकारेश्वरास कळते. तेथील ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, आणि बेटावर जावयाचे म्हणजे प्रवाह ओलांडणे आले. सबब परिक्रमावासी दक्षिण काठावरील ममलेश्वराचे दर्शन घेऊन पुढे निघतो आणि परिक्रमा पुरी झाल्यावरच, बरोबर वागविलेले नर्मदाजल घेऊन, ओंकारेश्वरासमोर उभा राहतो. इतके महिने काठाकाठाने हिंडून समोर दिसणाऱ्या देवळात न जाण्याचा हा संयम मला अनेक व्रतांहून कठीण वाटतो.

समुद्राशी मात्र नियमाला निसर्गाशी तडजोड करावी लागते. दक्षिण काठावरील विमलेश्वराहून नावेत बसून, खाडीचे विशाल मुख ओलांडून, उत्तर काठावरील मिठी तलाई गाठावी लागते. नाव केव्हा सुटणार, हे भरतीच्या वेळेवर अवलंबून. भरती मध्यरात्री असली तर यात्रेकरूंनीही मध्यरात्रीच उठावे. तेथून पूर्वेकडे उत्तर काठाने अमरकंटकपर्यंत चढत जावयाचे, उगमाला वळसा घालावयाचा आणि दक्षिण काठाने मूळ ठिकाणी परतावयाचे. नदीच्या लांबीची दुप्पट केली तरी २,६०० किलोमीटरांवर हिशेब जातो. प्रत्यक्षात नाले, घळी आणि तुंबलेले जलाशय टाळताना पायांना त्याहून अधिक चालावे लागते.

एवढ्या माणसांच्या अन्नाचा बंदोबस्त कोण करतो? काठावरच्या गावांतून आणि आश्रमांतून मिळणारे सदावर्त, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा, हा या व्यवस्थेचा कणा होय. महेश्वरास राजधानी ठेवून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांसाठी आपल्या खासगीतून केलेली तरतूद इतिहासात प्रसिद्धच आहे. पण संस्थाने गेली, सनदा जुन्या झाल्या, तरी ‘नर्मदे हर’ अशी आरोळी ऐकताच चुलीवर चहाचे आधण ठेवणारी घरे काही कोणाच्या इनामावर चालत नाहीत. परिक्रमावासीयाजवळ आरंभस्थानाचा दाखला आणि एक वही असते. मुक्कामाच्या जागी त्या वहीत शिक्के घेतले जातात. भक्तीच्या मार्गावरही आपण दप्तर ठेवतो, हे पाहून मौज वाटते.

परिक्रमेवर लिहिणारे पुष्कळ लोक आत्मशोधाची भाषा फार लवकर सुरू करतात. माझ्या समजुतीप्रमाणे आरंभीच्या दिवसांत चालणाऱ्याचे चिंतन तळपायाच्या फोडांपलीकडे जात नाही, आणि तसे ते जाऊही नये. पुढे मात्र एक फरक पडतो, आणि त्याचे कारण मला गूढ वाटत नाही. कोणत्या वाटेने जावे, याचा निर्णय नदीने करून टाकलेला असतो. काय खावे, याचा निर्णय यजमान करतो. कोठे निजावे, ते सूर्यास्त ठरवितो. दिवसभर शेकडो क्षुल्लक निवडी करण्यात जी बुद्धी खर्ची पडत असते, तिला अकस्मात रजा मिळते, आणि मग जुनी भांडणे, विसरलेले चेहरे, अर्धवट सोडलेले विचार हे सारे एकामागून एक वर येऊ लागतात. शिवाय रोज कोणाच्या तरी दारी उभे राहून मागावे लागते. शहरातील हुद्देदार मनुष्याला हे प्रथम फार जड जाते. अपरिचिताच्या ओसरीवर बसून त्याने दिलेली भाकरी खाताना स्वतःविषयीच्या कित्येक कल्पनांची जी तपासणी होते, ती एकांतातील ध्यानाने होईलच अशी खात्री देता येत नाही.

याच मागण्याचे दुसरे टोक म्हणजे शूलपाणीची झाडी. बडवानीच्या पश्चिमेस सातपुड्याच्या डोंगरांतून जाणाऱ्या या टापूत भिल्ल लोक परिक्रमावासीयांना लुटीत आणि अंगावर लंगोटी तेवढी ठेवीत, अशी परंपरागत ख्याती आहे. श्रद्धाळू मंडळी ही मैयाचीच इच्छा समजत. परंतु लुटीत जात काय, हे पाहिले तर घोंगडी, भांडी, धान्य अशी नावे निघतात. ज्याच्या घरी घोंगडीसुद्धा लुटून आणावी लागते, त्याच्या दारिद्र्याविषयी यात्रावर्णनांनी आणखी लिहावयास हवे होते. आता लुटीचा तो प्रकार सहसा ऐकू येत नाही, आणि ती पुरातन वाटही उरलेली नाही.

ती पाण्याखाली गेली. जबलपूरजवळचे बर्गी, पुनासाचे इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि गुजरातेतील सरदार सरोवर अशी धरणे एकामागून एक उभी राहिली. इंदिरा सागराच्या जलाशयासाठी २००४ साली हरसूद हे अख्खे शहर उठले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणेश्वराचे जुने देऊळ गेले आणि महाराष्ट्राच्या सरहद्दीवरील मणिबेलीसारखी गावे गेली. २०१९ साली ते १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. नदीचा काठ सोडू नये असा नियम, आणि काठ तर डोंगराच्या कड्याला जाऊन भिडलेला! त्यामुळे बरेच यात्रेकरू आता नंदुरबार जिल्ह्यात दूरवर उतरून शहादा, प्रकाशा या बाजूने जातात. प्रकाशा हे तापीकाठचे क्षेत्र. म्हणजे नर्मदेच्या परिक्रमेत तापीच्या घाटावर रात्र काढण्याचा प्रसंग येतो.

या कारणाने जुन्या पदयात्रिकांच्या लिखाणाला आता निराळे मोल आले आहे. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी हा काठ पायांखाली घातला आणि पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. पन्नाशीच्या सुमारास, १९७७ साली, त्यांनी खांद्यावर झोळी घेतली आणि रेखाटने करीत, हिंदी व गुजरातीत लिहीत, ही परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी केली. नोकरी आणि संसार सांभाळून रजेत निघावे, जेथे थांबलो तेथूनच पुढल्या खेपेस आरंभ करावा, हा त्यांचा क्रम कर्मठांना पटला नसेल. पण सहा महिन्यांची रजा मंजूर होणे ज्यांच्या नशिबी नाही, अशांना तोच अनुकरणीय होय. मोटारीने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा उरकणाऱ्यांविषयी मी अनादर दाखवीत नाही, कारण वृद्धांना दुसरा उपाय नसतो. तथापि त्यांना घाट तेवढे दिसतात, आणि दोन घाटांमधील गहू, टरबुजांच्या वाड्या, नावाडी, गुराखी हे सारे काचेबाहेर राहून जाते.

नुसती चुणूक पाहावयाची असेल, तर महेश्वर आणि मंडलेश्वर यांमधील उत्तर काठाचा टप्पा एका सकाळी सहज होतो. मात्र निघावे महेश्वराहून. उलट दिशेने आलात तर नदी डाव्या हाताला येते, आणि काठावर बसलेला एखादा म्हातारा तुम्हाला हटकल्यावाचून राहणार नाही.