मीटर शून्य दाखवतो, मोटार तर चालू आहे!



२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमीटरने मोजून देण्याचे ठरले. आपल्या भागातील काही उपसा योजनांच्या पाइपावर आता अल्ट्रासॉनिक मीटर दिसतात. पाइप कापावा लागत नाही, बाहेरूनच दोन सेन्सर पट्ट्याने आवळायचे. सोय मोठी, पण आकडा बिघडला की भांडणे तेवढीच मोठी.

गेल्या उन्हाळ्यात एका योजनेवर मोटारीचे तास पुरे आणि मीटरवर पाणी निम्मे, असे झाले. बैठकीत सगळ्यांचा डोळा ऑपरेटरवर. आम्ही जाऊन पाहिले तर सेन्सरखालचे ग्रीस उन्हाने वाळून पापडासारखे सुटलेले. सिग्नल तुटला की मीटर शून्य धरून बसे. ऑपरेटर बिचारा नाहक बदनाम झाला.

या मीटरचे तत्त्व सोपे आहे. एक सेन्सर कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो, दुसरा तो टिपतो. मग उलट दिशेने तेच. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो. प्रवाहाबरोबर किंचित लवकर पोचतो, प्रवाहाविरुद्ध किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असू शकतो, आणि त्यावरच सगळा हिशेब. हवा या आवाजाची वैरीण. ग्रीस लावायचे ते सेन्सर आणि पाइप यांच्यामधली हवा घालवण्यासाठीच.

तेव्हा मेकॅनिकला बोलावण्याआधी जॅकवेलमध्ये डोकावा. पाणी उतरून भोवरा पडत असेल किंवा सक्शनचा जोड हवा ओढत असेल, तर बुडबुडे पाइपात जातात आणि आकडा नाचतो. तिथे सेन्सर बदलून काय उपयोग? आडव्या पाइपावर सेन्सर बाजूला हवेत. माथ्यावर हवा साठते, तळाला गाळ. बाकाच्या किंवा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे बसवलेला मीटरही खरे बोलत नाही. त्याच्या आधी व्यासाच्या दहापट तरी सरळ पाइप असावा.

मग केबल बघा. उंदीर आणि पावसाचे पाणी शिरलेला जोड, हे दोन नेहमीचे गुन्हेगार.

तरीही सिग्नल लागेना, तर सेन्सरच्या जागा रंगाने खुणावून मगच ते काढा. अंतर हलले की माप चुकते. ताजे ग्रीस लावून दोन्ही सेन्सरची तोंडे एकमेकांना भिडवा. सिग्नल चढला तर सेन्सर आणि केबल ठीक, खोट पाइपावर आहे. पत्रा गंजलेला असेल, रंगाचे पापुद्रे सुटले असतील. घासून स्वच्छ करा. सिग्नल चढलाच नाही, तर सेन्सर किंवा केबल गेली असे समजा.

मीटरमध्ये भरलेला पाइपाचा व्यासही एकदा ताडून पाहा. त्यात दोन टक्के चूक म्हणजे पाण्यात चार टक्के.

शेवटचा पडताळा हौदाचा. बाहेरचे व्हॉल्व्ह बंद करून हौद भरा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद हौदात २० मिनिटांत १ मीटर पाणी चढले, तर तासाला १५० घनमीटर झाले. मीटरचा आकडा त्याच्या जवळपास हवा. ही नोंद चार सभासदांसमोर रजिस्टरात करा, आणि मीटर दुरुस्तीला पाठवायचा झाल्यास तिची नक्कल सोबत द्या.