रेखांशाचा शोध, भाग ६ : गुरूचे चंद्र आणि चांदा

एकोणिसाव्या शतकातला चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचा सर्वेक्षण नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवला, तर एक गंमत दिसते. गावांमधली अंतरे जुळतात, वर्धा-वैनगंगेची वळणेही जुळतात, पण रेखांशाचे आकडे काही केल्या जुळत नाहीत. जुन्या आकड्यांवर विश्वास ठेवला तर चंद्रपूर सव्वाचार किलोमीटर पूर्वेला जाऊन बसते. एकटे चंद्रपूर नव्हे, त्याच्याबरोबर अख्खा देश!

या चुकीचे मूळ मागच्या भागातल्या, भर समुद्रात रेखांश शोधणाऱ्या बोटींपर्यंत जाते. रेखांश म्हणजे वेळेतला फरक, हे आपण पाहिलेच. चंद्रपुरात सूर्य माथ्यावर येतो तो मुंबईच्या सुमारे २६ मिनिटे आधी; चार मिनिटांना एक अंश, म्हणजे दोन्ही गावांत साधारण साडेसहा अंशांचे अंतर. अडचण एकच. इथे भर दुपार झाली तेव्हा तिथे किती वाजले होते, हे सांगणार कोण? घड्याळजी हॅरिसनच्या घड्याळाने ते १७६१च्या जमैका सफरीत सांगून दाखवले. पण त्याच्या कितीतरी आधी गॅलिलिओने आकाशातलेच घड्याळ सुचवले होते. १६१० मध्ये त्याला गुरूचे चार चंद्र दिसले. त्यांतला सर्वांत आतला, आयो, साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या सावलीत गडप होतो. तो क्षण सगळ्या पृथ्वीला एकच. कोष्टकात ग्रीनिचची वेळ पाहायची, स्थानिक वेळ ताऱ्यांवरून काढायची आणि वजाबाकी करायची.

कल्पना फक्कड होती, पण हलत्या डेकवर दुर्बिणीत गुरू धरून ठेवणे कुणालाच जमेना.

जमिनीवर मात्र हीच रीत चालली. १७९२ मध्ये उभारलेल्या मद्रास वेधशाळेचा रेखांश याच चंद्रांवरून काढला गेला : ८० अंश, १७ मिनिटे, २१ सेकंद. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली आणि पुढे देशाचे रेखांश याच आकड्यापासून मोजले गेले. एका त्रिकोणाला दुसरा जोडत, कोन मोजणारा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहत माणसे उत्तरेला सरकत राहिली. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात लॅम्बटनचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट तापाने असा खचला, की हवापालटासाठी त्याला थेट केप ऑफ गुड होप गाठावे लागले. आज गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्याची हद्द ज्या गोदावरीला टेकते, तीच ही नदी. खुद्द लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. वरोऱ्याहून वर्ध्याकडे निघालेल्या माणसाच्या वाटेतच ते गाव लागते, पण तिथल्या त्याच्या कबरीसाठी क्वचितच कोणी थांबत असेल.

मग चूक कुठे झाली? त्रिकोणांत नव्हेच. आयो दिव्यासारखा फटकन विझत नाही. काही मिनिटे मंदावत जातो. शेवटची ठिणगी कधी दिसली, हे दुर्बिणीवर आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरते, शिवाय कोष्टकेही निर्दोष नव्हती. पुढे तारायंत्र आले, वेळेचा संकेत तारेवरून धाडता येऊ लागला आणि मद्रासचा आकडा कोनाच्या मापात दोन मिनिटे सत्तावीस सेकंदांनी, म्हणजे अंशाच्या पंचविसाव्या भागाने, जास्त ठरला.

घड्याळाच्या हिशेबात ही चूक जेमतेम दहा सेकंदांची आहे.