बायझंटाईन समाज: कटकारस्थानांपलीकडचा

बायझंटाईन साम्राज्याचं नाव निघालं की सोन्यात मढलेले सम्राट, राजवाड्यातली कारस्थानं आणि काढलेले डोळे एवढंच बहुतेकांना आठवतं. यातलं खोटं काही नाही. पण हे सगळं राजवाड्याच्या भिंतींआतलं. बाहेर जो समाज हजार वर्षं नांदला, त्याच्याविषयी मात्र चुकीच्या समजुतीच फार.

मुळात हे लोक स्वतःला बायझंटाईन म्हणवतच नसत. ग्रीक बोलणारा, ख्रिस्ती धर्म पाळणारा राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा रहिवासी स्वतःला रोमन समजे आणि त्यात वावगं काही नव्हतं. रोमन कायदा आणि सम्राटपद पूर्वेकडे अखंड चालू होतं. त्यामुळे ‘रोमन साम्राज्य ४७६ मध्ये संपलं’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य फक्त पश्चिमेपुरतं खरं आहे.

सम्राट म्हणजे देवाचा प्रतिनिधी आणि प्रजा मुकी, हा समज तर सर्वांत पक्का. त्याला १०४२ सालचा एप्रिल महिना पुरेसं उत्तर देतो. पाचव्या मायकेलला गादी मिळाली ती सम्राज्ञी झोईने दत्तक घेतल्यामुळे. त्यानेच तिचे केस कापून, तिला जोगीण करून बेटावर धाडलं. बातमी फुटली आणि शहर पेटलं. मायकेल सेल्लोस हा दरबारी विद्वान तेव्हा तिथेच होता. घराबाहेर कधी न दिसलेल्या बायकाही आक्रोश करत रस्त्यावर उतरल्याचं त्याने लिहून ठेवलंय. घाबरलेल्या सम्राटाने झोईला परत आणून जोगिणीच्या वेषात लोकांपुढे उभं केलं, पण जमाव बधला नाही. मठात ठेवलेल्या तिच्या बहिणीला, थिओडोराला, लोकांनी हागिया सोफिया या मुख्य चर्चमध्ये आणून तिच्या नावाचा जयघोष केला. सम्राट मायकेल मठात लपला होता. त्याला ओढून काढून आंधळं करण्यात आलं. दोघी बहिणींनी मिळून काही आठवडे राज्य केलं. शिक्षा क्रूर होती, यात वाद नाही. पण सिंहासनावर कोण बसणार, यात सामान्य माणसाचाही आवाज होता, हे नाकारता येणार नाही.

बायकांना काहीच हक्क नव्हते, असंही सर्रास म्हटलं जातं. दरबारातली आणि चर्चमधली पदं पुरुषांकडे होती, हे खरं. पण सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकाच वाटा दिला होता. हुंडा नवरा सांभाळायचा, पण ते बायकोचं स्त्रीधन. लग्न मोडल्यावर ते सहसा त्याच्या खिशात राहत नसे. आणि बाराव्या शतकात ॲना कोम्नीनी या राजकन्येने आपल्या वडिलांच्या कारकिर्दीचा सविस्तर इतिहास लिहिला.

‘मध्ययुग म्हणजे अंधार, आजाऱ्याला प्रार्थनेशिवाय आधार नाही’ असं मानणाऱ्यांनी पँटोक्रॅटोर मठाची ११३६ सालची नियमावली जरूर पाहावी. सम्राट दुसऱ्या जॉनने इथे ५० खाटांचं रुग्णालय उभारलं. शस्त्रक्रियेच्या, डोळ्यांच्या आणि पोटाच्या रुग्णांसाठी वेगळी सोय होती. १२ खाटा बायकांसाठी राखीव, त्यांच्यासाठी एक स्त्री वैद्य. तिचा पगार पुरुष वैद्यांपेक्षा कमी होता, हेही तिथेच नोंदलंय. असं रुग्णालय गावोगाव नव्हतं. राजधानीतल्या राजाश्रयाचं ते फळ. तरीही एका राज्याने रुग्णसेवा इतक्या बारकाईने कागदावर उतरवावी, याचं मला फार मोल वाटतं.

राहता राहिला शेवट. हे वैभव तुर्कांनी धुळीला मिळवलं, असं आपण धरून चालतो. पण सर्वांत मोठा घाव १२०४ मध्ये बसला आणि तो घातला चौथ्या क्रुसेडच्या ख्रिस्ती सैनिकांनी. तीन दिवस त्यांनी शहर लुटलं, हागिया सोफियाची वेदीसुद्धा सोडली नाही. हिप्पोड्रोम या शर्यतीच्या मैदानावरचे धातूचे चार घोडे व्हेनिसला गेले, ते आजही तिथेच आहेत. ग्रीकांना कपटी ठरवणाऱ्या पश्चिमी लिखाणाने त्या लुटीलाही एक सबब पुरवली, असं माझं मत आहे. १२६१ मध्ये राजधानी परत मिळाली, पण गेलेला पैसा आणि मुलूख नाही. तुर्कांच्या सुलतान दुसऱ्या मेहमदने १४५३ मध्ये जिंकलं ते या घावातून कधीच न सावरलेलं शहर.