संवेगाचा रोजमेळ

रात्री दुकानाचे शटर खाली आले, की अनेक व्यापारी घरांत अजूनही एक जुना परिपाठ पाळला जातो. घरातील वडीलधारी व्यक्ती रोजमेळ उघडून बसते. सकाळची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च आणि अखेरची शिल्लक या चार गोष्टींचा मेळ बसल्याखेरीज वही मिटत नाही. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, अकरावी विज्ञान शाखेतील मुलगा किंवा मुलगी भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवीत असते. सूत्र पाठ असते, गुणाकार बरोबर असतो, तरीही उत्तर चुकते. पलीकडे आजोबा जी शिस्त पाळीत आहेत, नेमकी तीच या उदाहरणांना हवी असते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

इंग्रजी माध्यमातील मुले ज्याला मोमेंटम म्हणतात, तो संवेग म्हणजे वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांचा गुणाकार. बल आणि ते जितका काळ लागू राहते तो काळ यांच्या गुणाकाराला आवेग, म्हणजेच इम्पल्स, म्हणतात. या दोहोंना जोडणारा नियम एका ओळीचा आहे : वस्तूला मिळालेला आवेग हा तिच्या संवेगात झालेल्या बदलाएवढा असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर सुरुवातीचा संवेग ही आरंभीची शिल्लक, शेवटचा संवेग ही अखेरची शिल्लक आणि आवेग ही मधली उलाढाल. अखेरच्या शिलकेतून आरंभीची वजा केली, की उलाढाल हाती येते. वजाबाकीचा हा क्रम उलटला, तर नफ्याच्या जागी तोटा दिसू लागतो.

या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक आकड्यांत नसून चिन्हात असते. क्रिकेटचे एक उदाहरण घेऊ. १६० ग्रॅम वस्तुमानाचा चेंडू ताशी १०८ किलोमीटर वेगाने फलंदाजाकडे येतो आणि बॅटला लागून सेकंदाला २० मीटर वेगाने आला त्याच दिशेने परत जातो. प्रथम एकके बदलावीत : १६० ग्रॅम म्हणजे ०.१६ किलोग्रॅम, आणि ताशी १०८ किलोमीटर म्हणजे १०८ भागिले ३.६, अर्थात सेकंदाला ३० मीटर. येथवर बहुतेकांचे बरोबर असते. पुढे घाईत ३० मधून २० वजा करून १० ला ०.१६ ने गुणले जाते, आणि उत्तर येते १.६. वास्तविक फलंदाजाकडील दिशा धन मानली, तर परतणाऱ्या चेंडूचा वेग उणे २० आहे. उणे २० मधून ३० वजा केले, की उणे ५० होतात आणि संवेगातील बदल उणे ८ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद येतो. एका चिन्हापायी उत्तर पाचपट चुकले. जेईई मेनसारख्या परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी १ गुण कापला जातो. तेथे चिन्हाचा हा विसर दुहेरी तोट्याचा ठरतो.

ही चूक होते म्हणून विद्यार्थ्याने खिन्न होण्याचे कारण नाही. फ्रान्सचा थोर तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे परिमाण मोजताना दिशा हिशेबात धरलीच नव्हती, आणि त्यामुळे टकरीविषयीचे त्याचे अनेक नियम चुकले. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीच्या नियमांचा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि ख्रिस्तियान हायगेन्स यांनी उत्तरे पाठविली, तेव्हा दिशेचे महत्त्व स्पष्ट झाले. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात गतीतील बदल आणि बल यांचा संबंध नियमरूपाने मांडला.

सराव कसा करावा, याचे उत्तरही वहीतच आहे. प्रत्येक उदाहरणात आधी लहानशी आकृती काढून धन दिशेचा बाण दाखवावा. मग प्रत्येक वस्तूसाठी आरंभीचा संवेग, अखेरचा संवेग आणि बदल असे तीन रकाने आखावेत. गोदामातील दोन ढकलगाड्यांची कल्पना करा. मालासह ४० किलोग्रॅमची पहिली गाडी सेकंदाला ३ मीटर वेगाने उजवीकडे जात आहे. २० किलोग्रॅमची दुसरी सेकंदाला दीड मीटर वेगाने समोरून येत आहे. आदळल्यावर दोन्ही एकमेकींत अडकून एकत्र सरकतात. उजवी दिशा धन धरली, तर आरंभीचा संवेग पहिलीचा १२० आणि दुसरीचा उणे ३०, म्हणजे एकूण ९०. टकरीच्या क्षणार्धात जमिनीच्या घर्षणाचा आवेग नगण्य मानला, तर हा ९० तसाच राहतो. एकूण वस्तुमान ६० असल्याने दोन्ही गाड्या सेकंदाला दीड मीटर वेगाने उजवीकडे जातील.

बहुतेक विद्यार्थी येथे थांबतात. सरावाचे खरे फळ मात्र पुढच्या पायरीत आहे. पहिल्या गाडीचा बदल काढावा : ६० मधून १२० वजा, म्हणजे उणे ६०. दुसरीचा बदल : ३० मधून उणे ३० वजा, म्हणजे अधिक ६०. एकीच्या नावे पडले तेवढेच दुसरीच्या जमा झाले आणि मेळ बसला. पाठीमागची उत्तरे न पाहता स्वतःचे उत्तर स्वतः तपासण्याची ही रीत ज्याला साधली, त्याला शंभर उदाहरणे घोकावी लागत नाहीत. वीस उदाहरणे मेळ बसेपर्यंत सोडविली तरी पुरे.

आवेगाच्या नियमात काळालाही मोठे स्थान आहे. सेकंदाला ३० मीटर वेगाने येणारा तोच चेंडू झेलून थांबविला, तर संवेगातील बदल ४.८ एवढा ठरलेलाच आहे. हात ताठ ठेवून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबविला, तर हातावर सरासरी ४८० न्यूटन बल येते. हात मागे घेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबविला, तर केवळ ४८. काचसामानाच्या पेटीत पेंढा भरणारा व्यापारी हेच करीत असतो. धक्का टळत नाही, पण तो सोसण्यास अवधी मिळतो. हेल्मेटच्या आतील थर्माकोलचा थर चेपताना डोक्यालाही तोच अवधी मिळवून देतो.

वहीतील ही उदाहरणे ज्या दिवशी घरातल्या गाडीला लावली जातात, त्या दिवशी त्यांचे मोल कळते. लग्नकार्याला वा यात्रेला निघताना लहान मूल आईच्या मांडीवर, पुढच्या आसनावर बसते. आई त्याला घट्ट धरते आणि सर्व निर्धास्त होतात. आता हिशेब मांडावा. मूल १० किलोग्रॅमचे, गाडीचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. मुलाचा संवेग १५०. समोर आदळून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मुलाला गाडीबरोबर थांबविण्यासाठी सरासरी १,५०० न्यूटन बल हवे. सुमारे दीडशे किलोचे ओझे पेलण्याइतके. कोणत्याही आईचे हात ते पेलू शकणार नाहीत. हातांतून सुटलेले मूल समोरच्या कठीण भागावर सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबले, तर हेच बल दसपट होते. आईने पट्टा लावलेला नसेल, तर तिचा भारही मुलावरच येतो.

आईच्या मायेत काहीच उणे नसते. उणे पडते ते हातांचे बळ. म्हणूनच मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलासाठी सुरक्षा पट्टा किंवा बालआसन आवश्यक ठरविले असून, ते नसल्यास चालकाला १,००० रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीपेक्षा मात्र घरातल्याच मुलाने वा मुलीने कागदावर मांडलेला हिशेब अधिक पटतो. अकरावीतील विद्यार्थ्याने हे उदाहरण एकदा आजोबांसमोर, त्यांच्याच रोजमेळाच्या रकान्यांत सोडवून दाखवावे. ज्यांनी आयुष्यभर चुकीच्या बेरजेवर वही मिटली नाही, ते हा आकडा पाहिल्यावर नातवंडाला मांडीवर घेऊन पुढे बसणार नाहीत.