गर्भाविना पिकलेलं अंजीर

उन्हाळ्यात अंधेरीच्या बाजारात पुरंदरची अंजिरं आली की ओव्हन असलेल्या घरात त्यांचं एक सोपं गोड होतं. देठाकडून चौफुली चीर द्यायची, आत अक्रोडाचा चुरा आणि गूळ भरायचा, वर संत्र्याचा रस शिंपडून 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचं. मूल हवं असणाऱ्या जोडप्याला हे आवर्जून खायला घालणारी माणसं आहेत. पोटात इतक्या बिया, म्हणजे संततीचंच फळ की!

गंमत अशी, की पुरंदरचं हे अंजीर फलन न होताच पिकतं. दाताखाली कुरकुरतात त्या बिया पोकळ असतात, त्यांत गर्भच नसतो. नवं झाड येतं ते फांदीच्या कलमातून.

तसं अंजीर हे फळही नव्हे. आत वळून मिटलेला फुलोरा आहे तो. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला उमलतात, बाहेर फक्त एक भोक. त्याचा भाऊबंद उंबर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात खोडालाच लगडलेला दिसेल. त्याचं मात्र केंबरांवाचून, म्हणजे आत शिरणाऱ्या बारीक कीटकांवाचून, अडतं. इवलीशी मादी त्या भोकातून आत घुसताना बहुधा पंख गमावते, फुलांवर पराग टाकते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या बिनपंखी मुलग्यांचा जन्म बहुतेक आतच सरतो. ते बाहेरची वाट कोरून देतात आणि मुली पराग घेऊन उडून जातात. एका उंबरात केवढा हा संसार!

गर्भाला खरोखर लागणाऱ्या एका गोष्टीचा माग मात्र मुंबईतच लागला. 1928मध्ये डॉ. ल्युसी विल्स इथे आल्या. गिरणीकामगार गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगावर त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं. मार्माइट या यीस्टच्या अर्कानं बायका बऱ्या झाल्या, हे त्यांनी 1931मध्ये जाहीर केलं. अर्कातला गुण नेमका कशाचा, ते त्यांनाही कळलं नव्हतं. 1941मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला: फोलिक ॲसिड.

संत्र्यात, अक्रोडातही ते फोलेटच्या रूपात असतं, पण भट्टीच्या आचेनं त्यातलं काही नासतं. शिवाय बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, कित्येकींना दिवस गेल्याचं कळायच्याही आत. म्हणून डॉक्टर 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करायला सांगतात. भाजलेलं अंजीर खावं ते चवीसाठी, आणि गरम असतानाच.