दात शार्कचा, साक्ष समुद्राची

ऑक्टोबर १६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांच्या हाती एक प्रचंड शार्क लागला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याने त्याचे डोके फ्लॉरेन्सला मागवून घेतले आणि आपल्या आश्रयास असलेल्या निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी सोपवले. जबड्यातील त्रिकोणी दात पाहताच स्टेनोला त्या काळी औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'जिभेच्या दगडां'ची आठवण झाली. हे दगड माल्टा बेटावरील खडकांत विपुल सापडत. ते आकाशातून पडतात, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले होते. सेंट पॉलने शाप दिलेल्या सर्पांच्या जिभा दगड होऊन राहिल्या, अशी माल्टातील लोकांची श्रद्धा होती. विषावर उतारा म्हणून श्रीमंत लोक ते गळ्यात बांधत किंवा मद्याच्या पेल्यात बुडवत.

हे दगड म्हणजे शार्कचेच दात होत, असे फाबिओ कोलोन्ना या इटालियन विद्वानाने १६१६ मध्येच मांडले होते. स्टेनोने १६६७ मध्ये आपल्या विच्छेदनाचा वृत्तान्त प्रसिद्ध करून त्या मताला भक्कम आधार दिला. त्याच्यापुढे मग ओघानेच दुसरा प्रश्न उभा राहिला : समुद्रातल्या माशाचा दात डोंगरातल्या खडकात शिरला कसा? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना १६६९ मध्ये त्याने थरांचा नियम मांडला. गाळाचे थर एकावर एक साचतात. म्हणून खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा. भूशास्त्राची सारी कालगणना या साध्या विधानावर उभी आहे.

शार्कच्या दाताला असे दुहेरी महत्त्व आहे. त्याच्या आकारावरून प्राणी ओळखता येतो, तर तो ज्या थरात सापडला त्यावरून काळ ठरवता येतो. संग्राहकांचे लक्ष बहुधा पहिल्या गोष्टीकडे असते. दुसरी हातातून निसटली, तर मात्र ती पुन्हा मिळवणे फार कठीण जाते.

दातच का उरतात?

शार्क आणि त्यांचे भाऊबंद असलेले पाकट यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. कोकणात मोरी किंवा मुशी साफ करताना पाहिलेल्यांना हे सांगायला नको. कूर्चा मृत्यूनंतर लवकर कुजते, त्यामुळे प्राचीन शार्कचा संपूर्ण सांगाडा मिळणे दुर्मिळ. दातांवर मात्र फ्लोराइडयुक्त खनिजाचे अत्यंत कठीण आवरण असते. शिवाय शार्कच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगा असतात. पुढचा दात गळला की मागचा त्याची जागा घेतो आणि हे चक्र आयुष्यभर चालू राहते. एकच शार्क अशा रीतीने हजारो दात समुद्रतळाशी सोडून जातो. त्यांतील काही गाळात गाडले जातात, भोवतालच्या पाण्यातील खनिजे त्यांत झिरपतात आणि पांढरा दात काळा, करडा, तपकिरी किंवा पिवळसर होतो. हा रंग गाळातील खनिजांवर अवलंबून असतो. काळा दात अधिक जुना, हा समज चुकीचा आहे.

शोध कुठे आणि कसा?

अमेरिकेत मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याला कॅल्व्हर्ट क्लिफ्स नावाचे उंच कडे आहेत. सुमारे एक ते दोन कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे मायोसीन युगात, येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेली वाळू, माती आणि शिंपल्यांचे थर आज कड्यांच्या रूपाने उघडे पडले आहेत. लाटा आणि पाऊस हे कडे सतत कोरतात. माती वाहून जाते आणि जड, टणक दात किनाऱ्यावर राहतात. ओहोटीच्या वेळी, विशेषतः वादळानंतर, पाण्याच्या रेषेवर बारीक खडीचे जे पट्टे दिसतात, त्यांत हे दात मिळतात. हौशी लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून लांब दांड्याच्या चाळणीने ही खडी चाळतात.

शोधणाऱ्याची नजर हळूहळू तयार होते. ओल्या खडीत काळे दगड पुष्कळ असतात. पण दाताच्या शिखराला एक गुळगुळीत झळाळी असते आणि त्याला जोडलेले मूळ खरखरीत व निस्तेज असते. चमक आणि खरखर यांची ही जोडी दगडात सहसा आढळत नाही.

येथील राज्य उद्यानात किनाऱ्यावर पडलेले दात उचलण्यास परवानगी आहे, कडे खोदण्यास वा त्यांवर चढण्यास मनाई आहे. त्यामागचे कारण उघड आहे : कडे ठिसूळ असून कधीही ढासळू शकतात. फ्लोरिडा राज्यात सरकारी जमिनीवरील पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म गोळा करण्यासाठी परवाना लागतो, मात्र शार्कचे दात त्यातून वगळलेले आहेत. जागा बदलली की नियम बदलतात, म्हणून चाळणी उचलण्याआधी ते पाहून घेणे आवश्यक ठरते.

ओळख कशी पटवावी?

दात हाती आल्यावर प्रथम त्याच्या दोन बाजू ओळखाव्यात. ओठाकडील बाजू बहुधा सपाट आणि जिभेकडील फुगीर असते. मग कडेवरून नख फिरवावे. कड गुळगुळीत आहे की करवतीसारखी? करवतीचे दाते बारीक व एकसारखे आहेत की ओबडधोबड? मुख्य शिखराच्या दोहों बाजूंस छोटी उपशिखरे आहेत काय? मुळाचा आकार कसा आहे? या चार-पाच प्रश्नांच्या उत्तरांनी बहुतेक दातांचे कूळ निश्चित होते.

बारीक सुळ्यासारखा, लांबट आणि बाजूस दोन टोचरी उपशिखरे असलेला दात 'सँड टायगर' गटातील शार्कचा. निसरडे मासे पकडून धरण्यासाठी तो घडलेला असतो. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वाकलेला, मागच्या कडेला खाच असलेला आणि करवती कडेचा दात टायगर शार्कचा. कॅल्व्हर्ट येथे विपुल मिळणाऱ्या 'हेमिप्रिस्टिस' या शार्कच्या वरच्या दातांचे दाते ठसठशीत असतात, पण टोकाच्या थोडे अलीकडे ते थांबतात आणि टोक गुळगुळीत राहते. कंगव्यासारखी एकामागे एक शिखरे असलेला दात 'काऊ शार्क'चा. फरसबंदीच्या तुकड्यासारखी, चापट आणि समांतर रेघा असलेली पट्टी सापडली तर ती शार्कची नव्हे, पाकटाची. शिंपले चिरडून खाणाऱ्या या माशाला टोकदार दातांचा उपयोग नसतो.

सर्वांना हवा असतो तो मेगॅलोडॉनचा दात. सुमारे दोन कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीच्या काळात जगलेल्या या महाकाय शार्कचा दात १८ सेंटिमीटरपर्यंत भरतो. आजच्या ग्रेट व्हाइट शार्कचा दातही त्रिकोणी आणि करवती असल्याने दोघांत गल्लत होते. मेगॅलोडॉनच्या दाताचे दाते बारीक आणि एकसारखे असतात, मूळ जाड असते आणि मूळ व शिखर यांच्यामध्ये जिभेकडील बाजूस इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा गडद पट्टा असतो. ग्रेट व्हाइटचा दात चापट, त्याचे दाते अधिक मोठे आणि तो पट्टा गैरहजर.

एकाच शार्कच्या तोंडातही सगळे दात सारखे नसतात, हे विसरल्यास केवढी चूक होते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९०९ मध्ये बॅशफोर्ड डीन यांनी मेगॅलोडॉनचा जबडा उभा केला. पुढचे दात मोठे व कडेचे लहान असतात ही बाब दुर्लक्षून सर्वत्र जवळजवळ सारखेच मोठे दात बसवले गेले. परिणामी जबडा सुमारे एक तृतीयांशाने मोठा झाला आणि त्यावरून शार्कची लांबी ३० मीटर मानली गेली. पुढे बराच काळ १५ ते २० मीटर हा अंदाज मान्य होता. २०२५ मधील एका अभ्यासाने मणक्यांच्या आधारे तो कमाल २४ मीटरपर्यंत नेला आहे.

जागेची नोंद

आता दाताच्या दुसऱ्या साक्षीकडे वळू. ब्रिटनच्या 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील समुद्रांचे तळ धुंडाळले, तेव्हा पॅसिफिकच्या तळातून मेगॅलोडॉनचे दात वर आले. मूळच्या थरातून सुटलेले, समुद्रतळावर मोकळे पडलेले आणि मँगनीजचे पुट चढलेले असे हे दात होते. १९५९ मध्ये एका संशोधकाने त्या पुटाची जाडी मोजून, पुट चढण्याचा वेग गृहीत धरून, दात केवळ ११ ते २४ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचा अंदाज बांधला. हे पुट सर्वत्र एकाच वेगाने चढत नाही आणि प्रत्यक्षात ते अत्यंत मंद असते, हे नंतर स्पष्ट झाले. पण तोवर 'मेगॅलोडॉन अजून खोल समुद्रात जिवंत असेल' या कल्पनेला खाद्य मिळाले होते. ती अजूनही अधूनमधून डोके वर काढते.

याच्या उलट उदाहरण पेरू देशातील. तेथील पिस्को खडकांत १९८८ मध्ये एका शार्कचा जबडा मिळाला. २२२ दात जागच्या जागी आणि सोबत ४५ मणके, असा हा अपूर्व नमुना होता. तो गॉर्डन हबल या अमेरिकी संग्राहकाने मिळवला आणि २००९ मध्ये फ्लोरिडाच्या राज्य संग्रहालयास दिला. त्याने दाताइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट जपली होती : त्या जागेची छायाचित्रे आणि हाताने काढलेला नकाशा. त्यांच्या आधारे संशोधक वाळवंटातील नेमक्या खड्ड्यापर्यंत पोहोचले. थरांचे वय नव्याने काढले, तेव्हा ते सुमारे ६५ लाख वर्षे, म्हणजे आधीच्या अंदाजापेक्षा २० लाख वर्षांनी जुने निघाले. दाते अर्धवट उमटलेला हा शार्क गुळगुळीत दातांच्या पूर्वजांना ग्रेट व्हाइटशी जोडणारा दुवा ठरला. ग्रेट व्हाइट हा मेगॅलोडॉनचा वंशज नव्हे, या मताला त्यामुळे बळ मिळाले. २०१२ मध्ये या जातीला हबल यांचेच नाव देण्यात आले.

दोन्ही प्रकरणांत दात अस्सल होते. फरक पडला तो मूळ जागेच्या पुराव्याने.

भारतात काय?

महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेला गाळ बहुतांशी गोड्या पाण्यातला. त्यामुळे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात शार्कचा दात शोधणे व्यर्थ. पण प्राचीन समुद्राच्या खुणा शेजारच्या कच्छमध्ये आहेत, तशाच ओडिशात बारीपदा परिसरातही. दोन्हीकडच्या खडकांतून शार्क आणि पाकटांच्या दातांची नोंद झाली आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ १६ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत हायबोडॉन्ट या नामशेष झालेल्या शार्कगटाचे, भक्ष्य चिरडण्यास योग्य असे दात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांना मिळाले आणि २०२१ मध्ये त्यांवरून 'स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस' ही नवी जात जाहीर झाली. आज जेथे वाळूच्या टेकड्या आहेत, तेथे एके काळी शार्क पोहत होते, हे या दातांनी सिद्ध केले.

आपल्याकडे अशा स्थळांच्या रक्षणाची व्यवस्था अजून तोकडी आहे. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. खाणी, रस्ते आणि बांधकामे यांत थर नाहीसे होत असताना सहलीला गेलेल्या हौशी माणसाने आणखी भर घालू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. खडकात रुतलेला दात दिसल्यास तो उकरू नये. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागास किंवा सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे.

जेथे परवानगी आहे तेथे सुटा पडलेला दात घरी आणला, तर तो साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. आम्ल मुळीच वापरू नये, दाताचे खनिज त्यात विरघळते. विकत घेताना सावध राहावे. तुटलेल्या शिखराला दुसरेच मूळ चिकटवलेले किंवा लांबी भरून रंगवलेले 'अखंड' दात बाजारात असतात. मूळ आणि शिखर यांच्या सांध्याजवळ रंग वा पोत एकदम बदलला, तर शंका घ्यावी. शेवटी प्रत्येक दात वेगळ्या डबीत ठेवून त्यासोबत एक चिठ्ठी घालावी. तारीख, गाव, किनारा किंवा ओढा, वरून कितवा थर आणि दात थरात होता की सुटा पडलेला, एवढ्या गोष्टी तिच्यावर पुरेत.

ही चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे लागतात. ती नसेल, तर दात दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होऊन राहतो. ती असेल, तर पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक डबी उघडून पुन्हा त्याच थरापाशी जाऊ शकतो.