गांधीबागेत बिथरणारी आभासी गाडी

गेममधल्या किंवा सिम्युलेटरमधल्या गाडीची खरी कसोटी शर्यतीच्या ट्रॅकवर लागते, असा आपला समज असतो. मला विचाराल तर तिला दिवाळीच्या तोंडावर, संध्याकाळी, नागपूरच्या गांधीबागेत सोडावं. सेंट्रल अव्हेन्यूवरून आत वळलं की ठोक कापडबाजार. गाठी लादलेला ठेला, आडवा लावलेला ऑटो, मधूनच घुसणारी दुचाकी. इथे गाडी धावत नाही. सरकते, थांबते, पुन्हा वीतभर सरकते. आणि आभासी गाड्या बिथरतात त्या नेमक्या अशाच वेळी.

लक्षणं गेम खेळणाऱ्यांच्या ओळखीची आहेत. उभी गाडी थरथरते, हँडब्रेक ओढूनही उतारावर घरंगळते, लहानशा खड्ड्यात चाक गेलं की आभाळात उडते. वैताग म्हणजे हे आपल्या संगणकावर होतं आणि मित्राच्या संगणकावर होत नाही. बरं, हा नुसता पोरखेळ नाही. २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या ‘आय-रस्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांना टक्कर टाळण्याचा इशारा देणारी उपकरणं बसवली गेली. अशी उपकरणं घडवणारे अभियंते ‘कार्ला’सारख्या सिम्युलेटरमध्येही चाचण्या घेतात. तिथला उभा ऑटोच थरथरत असेल, तर उपकरण त्यातून काय शिकणार?

दोन संगणकांवर गाडी वेगळी वागली, की पहिला संशय वेळेवर घ्यावा. संगणकातली वेळ वाहत नाही, टप्प्याटप्प्यानं उडी मारते. गाडीचं गणित पडद्यावरच्या चित्रांच्या वेगाला बांधलेलं असेल, तर संगणक बदलताच गाडीही बदलते. २०१३ च्या ‘नीड फॉर स्पीड रायव्हल्स’मध्ये सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा होती. लोकांनी ती जबरदस्तीनं ६० केली, तर अख्खा खेळच दुप्पट वेगानं पळू लागला.

खड्ड्यातल्या उडीचं मूळही इथेच सापडतं. समजा चाक १० किलोचं आहे आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर दर मीटर प्रतिसेकंद वेगाला १५०० न्यूटनचा विरोध करतो. सेकंदाला ६० टप्पे धरले, तर साध्या पद्धतीच्या गणितात एका टप्प्यात चाकाच्या वेगातून त्याच वेगाची अडीच पट वजा होते. म्हणजे वेग शमत नाही. उलट्या दिशेनं दीडपट होतो. पुढच्या टप्प्यात पुन्हा दीडपट. दहा टप्प्यांत, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात, तो ५७ पट! गाडी उडेल नाही तर काय? तेच टप्पे सेकंदाला २४० केले, की चाक मुकाट शांत होतं. ‘बीमएनजी’सारखा सिम्युलेटर हे गणित सेकंदाला २००० वेळा करतो, ते उगाच नव्हे.

थरथरीचं कारण मात्र वेगळं, आणि मला सगळ्यात गमतीचं वाटतं ते हेच. टायरची पकड काढायला जगभर वापरलं जाणारं सूत्र डेल्फ्टच्या हान्स पासेयका यांच्या नावानं ओळखलं जातं. ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात त्याला. चाकाच्या कडेचा वेग आणि गाडीचा वेग यांतल्या फरकाला गाडीच्या वेगानं भागायचं, आलेल्या ‘स्लिप’वरून पकड ठरवायची. ताशी ७२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २० मीटरला, दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर स्लिप जेमतेम ०.१ टक्का. पण गाडीच सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकत असेल, तर तोच फरक १०० टक्के! चाक गरगरा फिरतंय असं समजून सूत्र पुरा जोर लावतं, पुढच्या क्षणी उलटा लावतं. पूर्ण थांबल्यावर तर भागाकार शून्यानं. शिवाय या सूत्रात घसरल्याशिवाय जोरच मिळत नाही, त्यामुळे उतारावरची गाडी टिकायची तर तिला थोडं घरंगळावंच लागतं. यावर उपाय म्हणजे ठरावीक वेगाखाली सूत्र बाजूला ठेवायचं आणि टायर रस्त्याला चिकटलेली स्प्रिंग आहे असं मानायचं. शर्यतीसाठी लिहिलेल्या खेळात ही तसदी कोण घेतो?

तिसरी तपासणी जागेची. नागपूरकरांना ती पटकन समजावी, कारण आपल्याकडे झिरो माइल आहे. तोच आभासी जगाचा शून्यबिंदू धरू. नेहमीच्या ३२ बिटांच्या आकड्यात शून्यापासून लांब जावं तशी मोजपट्टी भरड होते. गांधीबाग दोन-तीन किलोमीटरवर. तिथे सर्वांत लहान पायरी पाव मिलिमीटरचीही नसते. मुंबईत मात्र ती सव्वासहा सेंटिमीटरची होते. तिथे सरळ पश्चिमेला ताशी सहा किलोमीटरनं निघालेली गाडी, सेकंदाला ६० टप्पे धरले तर, एका टप्प्यात पावणेतीन सेंटिमीटर जायला हवी. ते अर्ध्या पायरीहून कमी, म्हणून आकडा मागच्याच पायरीवर येतो. स्पीडोमीटर सहा दाखवतोय, गाडी जागची हलत नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मध्ये अशाच चुकांनी यानांचे तुकडे होत, खेळाडूंनी त्या भुताचं नाव ‘क्राकेन’ ठेवलं होतं. उतारा असा, की शून्यबिंदू गाडीजवळच ठेवायचा आणि जग तिच्याभोवती सरकवायचं.

हे तिन्ही तपासूनही गडबड उरली, तर नेटवर्क. ऑनलाइन खेळात दुसऱ्याची गाडी आपल्याला दिसते ती क्षणभर आधीची. सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर ताशी दहाच्या वेगानंही गाडी २८ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. मोकळ्या हायवेवर तेवढा फरक ध्यानातही येत नाही. कापडबाजारात मात्र ठेला आणि ऑटो यांच्यात अंतरच तेवढं असतं.